आडनाव कळलं आणि घर गेलं

पत्र

ताई, मी परभणीकडची, वय २७. चार महिन्यांपूर्वी रत्नागिरीत सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून लागले. सध्या मैत्रिणीच्या खोलीवर दाटीवाटीने राहते. मागच्या महिन्यात शहराच्या कडेला एका वाडीत घर बघितलं. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे पडवी. भाडं साडेचार हजार, डिपॉझिट पंधरा हजार. मालकीण काकी छान बोलल्या. कोकम सरबत दिलं. मासे खाता ना, म्हणून विचारलं. खाते म्हटल्यावर म्हणाल्या, मग बरं झालं, बाजार जवळ आहे. मी तिथेच बसून दोन हजार टोकन त्यांच्या मुलाच्या नंबरवर पाठवलं. तोपर्यंत त्यांना माझं फक्त पहिलं नाव माहीत होतं. मी घरी पोचते न पोचते तोच, दीड तासात, पैसे परत आले आणि मागोमाग फोन. "अगो, मुंबईहून पुतण्या येणारेय राहायला, नाही जमायचं." दुसऱ्या दिवशी माझं सामान हलवायला ठरवलेला टेम्पोवाला, तो त्याच वाडीतला, म्हणाला की रात्री चार जण काकींकडे जाऊन बसले होते. त्यांच्यातलीला घर दिलंत तर गणपतीला तुमच्या दारात कोणी येणार नाही, असं म्हणाले. आम्ही बौद्ध. 'रूम भाड्याने देणे' ही पाटी अजून तिथेच आहे.

यात गुन्हा आहे का, की घर त्यांचं तर मर्जीही त्यांचीच? रूममेट म्हणते, पुढच्या वेळी दुसरं आडनाव सांग. आमच्या दवाखान्यातली फार्मासिस्ट मुलगी मुसलमान आहे, तिला तर तीन ठिकाणी असाच अनुभव आला. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे असं केलं तर कोर्टात खेचतात. इकडे काहीच नाही का?

— स., रत्नागिरी

उत्तर

स., पत्राखाली तू नंबर दिला होतास म्हणून एक गोष्ट छापून येण्याची वाट न बघता तुला कळवली होती. बाकीच्यांसाठी ती इथे लिहिते. मी म्हटलं होतं, पाटी आहे तोवर दवाखान्यातल्या कोणाला तरी त्या नंबरवर फोन करायला सांग. खोटं काही बोलायचं नाही. स्वतःचं खरं नाव-आडनाव सांगायचं आणि घर रिकामं आहे का एवढंच विचारायचं. तू दोन दिवसांनी कळवलंस की तुमच्या क्लार्कने फोन केला आणि काकी म्हणाल्या, "आहे की, या बघायला." म्हणजे मुंबईचा पुतण्या काही गाडीत बसलेला नाही.

ही युक्ती माझी नाही, तुझ्या आतेभावाच्या अमेरिकेतली आहे. तिकडे १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरातच, घर भाड्याने देताना किंवा विकताना वंश, रंग, धर्म, मूळ देश बघायचा नाही असा कायदा झाला. पुढे १९७४ मध्ये लिंग आणि १९८८ मध्ये अपंगत्व व लहान मुलं असणारं कुटुंब ही कारणंही त्यात आली. पण घरमालक काय तोंडाने सांगणार आहे की तू काळा म्हणून देत नाही? तोही म्हणतो, अरेरे, कालच गेलं. मग तिथल्या संघटनांनी सारख्याच पगाराची, सारख्याच नोकरीची दोन माणसं एकामागोमाग पाठवायला सुरुवात केली, एक गोरा आणि एक काळा. एकाला घर 'गेलं' आणि तासाभराने दुसऱ्याला तेच घर 'आहे', एवढा पुरावा पुरतो. अशा तपासनिसालाही दावा लावता येतो, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केलं. तुमच्या क्लार्कने नकळत तेच काम केलं. त्या फोनची तारीख, वेळ आणि बोललेले शब्द त्याच दिवशी त्याच्या हस्ताक्षरात लिहून घे. रेकॉर्डिंग असेल तर ते ज्या मोबाइलमध्ये आहे तो जपून ठेव, कारण कोर्टात ते दाखवताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

आणि तुझ्याकडे त्याहून बळकट पुरावा आहे, तुझ्या लक्षात आलाय का माहीत नाही. तुझं आडनाव काकींना कोणी सांगितलं? तू सांगितलं नाहीस. मुलाच्या मोबाइलवर पैसे आले तेव्हा पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव उमटलं. म्हणजे पैसे गेल्याची वेळ हीच आडनाव कळल्याची वेळ आणि पैसे परत आल्याची वेळ हीच नकाराची. दोन्ही बँकेच्या नोंदीत मिनिटासकट आहेत. जुन्या काळी हे सिद्ध करायला साक्षीदार शोधत फिरावं लागे. त्या दोन्ही व्यवहारांचं स्टेटमेंट बँकेतून शिक्का मारून घे, स्क्रीनशॉटवर थांबू नकोस.

आता तुझा मुख्य प्रश्न. घर त्यांचं, मर्जी त्यांची हे बऱ्याच अंशी खरं आहे. मी सनद घेऊन इथे वकिली सुरू केली तेव्हा मला चार महिने घर मिळालं नव्हतं. कारण? वकील. वकिलाला आणि पोलिसाला घर देऊ नये, आत आले की बाहेर निघत नाहीत, हे कोकणात शेंबडं पोरही सांगतं. मला राग आला नाही. खरं सांगायचं तर मीही माझी वरची खोली वकिलाला देणार नाही. असल्या नकाराला आपल्या कायद्यात काही उत्तर नाही आणि असावं असंही मला वाटत नाही.

जात आणि धर्म यांवरून नाकारण्याबद्दल मात्र आपल्या कायद्याची चादर फाटकी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ चा पहिला भाग सरकारला बांधतो. दुसरा भाग सगळ्यांना बांधतो, पण त्यात दुकानं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तळी, घाट, रस्ते आहेत. महिन्याने भाड्याची खोली नाही. म्हणून कोकणात एक गंमत होते. मे महिन्यात लॉजवर उतरणाऱ्या पर्यटकाला जात विचारून परत पाठवलं तर घटना आड येते. जूनमध्ये शेजारचीच खोली महिन्याने मागायला कोणी आलं तर तीच घटना तोंड दुसरीकडे फिरवते.

पण तुझ्यासाठी एक दार आहे आणि ते पुष्कळ वकिलांनाही आठवत नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५. कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणावर कोणते निर्बंध लादता येत नाहीत त्याची यादी आहे. विहीर, पाणवठा, धर्मशाळा यांच्याबरोबर त्यात कोणत्याही वस्तीत, गावात राहण्याची जागा बांधणं, घेणं किंवा तिचा वापर करणं हेही स्पष्ट लिहिलं आहे. कलम १२ तर आणखी महत्त्वाचं. असं कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडलं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडलं असं कोर्टाने गृहीत धरायचं असतं. तसं नव्हतं हे समोरच्याने सिद्ध करायचं. पुतण्याला कोर्टात उभा करावा लागेल! तू म्हणशील आम्ही बौद्ध, मग अनुसूचित जातीत कसे? १९९० मध्ये झालेल्या बदलानुसार अनुसूचित जातीच्या आदेशात बौद्धांचाही समावेश आहे. तुझा दाखला आहेच.

गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना फिर्याद नोंदवून घ्यावी लागते. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड १०० ते ५०० रुपये. हो, पाचशेच. १९७६ च्या दुरुस्तीत ठरलेला आकडा आहे. आज पाचशे रुपयांत पापलेटची जोडीही येत नाही. शिक्षा लहान असल्यामुळे मुदतही लहान, घटनेपासून एका वर्षात फिर्याद नोंदवली जायला हवी. तेव्हा आज-उद्या घाई नाही, पण पुढच्या शिमग्यानंतर बघू असंही म्हणू नकोस.

लोक मला लगेच विचारतील, ॲट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा, का नाही? जातीवरून अपमान केल्याचं कलम लागायला तो अपमान चारचौघांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी व्हावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. काकी तर तुला जातीवरून काही बोलल्याच नाहीत, पुतण्याच पुढे केला. मात्र त्याच कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणं किंवा तशी धमकी देणं हा गुन्हा झाला आहे. एरवी ज्या अटींवर व्यवहार होतो त्या अटींवर तो करायला नकार देणं हे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येतच आहे. वाडीतल्या चार जणांनी 'त्यांच्यातल्या कोणालाच घर द्यायचं नाही' असं ठरवलं असेल, तर मी त्या बाजूने बोट दाखवीन. त्याला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पण तिथे टेम्पोवाला बोलणार का, यावर सगळं अडतं. तो त्याच वाडीत राहतो. त्याने कच खाल्ली तर त्याला शिव्या देऊ नकोस.

आता काकी. मला या सगळ्यात त्यांचाच विचार जास्त वेळ सतावतोय. त्यांनी तुला सरबत दिलं ते मनापासून दिलं असं मला वाटतं. दीड तासाने त्या बदलल्या त्या आडनावाला घाबरून की त्या चार माणसांना घाबरून? एकटी बाई, मुलगा मुंबईत, गणपतीला दारात कोणी आलं नाही तर मूर्ती आणायलासुद्धा माणूस नाही. गावकी वाळीत टाकते म्हणजे काय, हे कोकणाबाहेर राहणाऱ्याला सांगून कळत नाही. मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही, पाखाडीवरून जाताना कोणी हाक मारत नाही. या वाळीत प्रकरणांत रायगड आणि रत्नागिरीची नावं इतक्या वेळा आली की महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा हा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गंमत बघ. या कायद्याचा आधार तुला नाही, काकींना आहे. तो एकाच समाजातल्या माणसांनी आपल्यातल्याच कोणाला बहिष्कृत करण्याविरुद्ध आहे. 'तिला घर दिलंत तर तुम्हाला वाळीत टाकू' असं म्हणणारे चार जण काकींचे गुन्हेगार आहेत. म्हणून माझा सल्ला असा, की फिर्याद देण्याआधी काकींकडे एकदा जा. एकटी जाऊ नकोस, तुमच्या दवाखान्यातल्या सिस्टर किंवा कोणी वडीलधारी बाई बरोबर ने. घर मागायला जाऊ नकोस. एवढंच सांग, की काकी, तुम्हाला कोणी धमकावलं ते मला कळलंय, असं धमकावणं गुन्हा आहे आणि तुम्हाला तक्रार करायची असेल तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. कदाचित त्या दार लावतील. कदाचित रडतील. पण साक्षीदार होण्याची संधी न देता त्यांना आरोपी करू नये, असं माझं तीस वर्षांच्या वकिलीनंतरचं मत आहे. तुझं मत वेगळं असू शकतं. अपमान तुझा झालाय, माझा नाही, आणि तू सरळ पोलीस ठाण्यात गेलीस तरी मी तुला चूक म्हणणार नाही.

त्या घरात राहायला मात्र जाऊ नकोस, उद्या काकी स्वतः बोलवायला आल्या तरी. रात्रपाळीहून येणारी एकटी मुलगी, पाण्याचा नळ सामायिक, शेजारी ते चार जण. फिर्याद असल्या घराची किल्ली मिळवायला द्यायची नसते. घर दुसरीकडे बघ. आधी दवाखान्याच्या क्वार्टरसाठी लेखी अर्ज दे आणि पोच घे. क्वार्टर मिळेलच असं नाही, पण यादीत नाव तरी लागेल.

वकील ठेवायचे पैसे नाहीत असं तू पत्रात लिहिलं नाहीस, पण नव्या नोकरीत ते नसतात. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. बाई म्हणून आणि अनुसूचित जातीची म्हणून, दोन्ही नात्यांनी तुला तिथे फुकट वकील मिळतो, पगार कितीही असो. विधी सेवेचा फोन १५१००. ॲट्रॉसिटीसाठी वेगळा, १४५६६.

आडनावाबद्दल. रूममेट तुझ्या भल्यासाठीच सांगतेय, पण ऐकू नकोस. कायद्याचं कारण साधं आहे. भाडेकरार आधार कार्डावर होतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते. म्हणजे खोटं नाव पहिल्याच आठवड्यात उघडं पडणार आणि मग 'फसवलंन' म्हणायला त्यांना आयतं कारण. दुसरं कारण तुला मी सांगायला नको. १९१७ मध्ये बडोद्याला बाबासाहेबांना कोणी घर देईना, तेव्हा ते पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी माणसं काठ्या घेऊन दारात आली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत असलेला माणूस त्या दिवशी बागेत बसून राहिला. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यात. आणि तू ज्या शहरात घर शोधतेयस तिथे सगळ्या जातींना खुलं म्हणून पतित पावन मंदिर १९३१ मध्ये उभं राहिलं. देवळाचं दार उघडलं त्याला नव्वद वर्षं उलटून गेली. पडवीचं दार अजून आडनाव विचारतंय.

इथे आडनावाआधी 'कुठली वाडी?' हा प्रश्न येतो, तोही ओळखून ठेव. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण जुनं नाव सगळ्यांना पाठ असतं. तू परभणीची, त्यामुळे तुझ्यापुरता हा प्रश्न निकामी आहे. म्हणूनच बिचाऱ्यांना मोबाइलच्या स्क्रीनवर अवलंबून राहावं लागलं.

तुझ्या फार्मासिस्ट मैत्रिणीला मी खोटी आशा दाखवू शकत नाही. १९५५ चा कायदा अस्पृश्यतेपुरता, ॲट्रॉसिटी अनुसूचित जाती-जमातींपुरती. धर्मावरून भाड्याचं घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला थेट शिक्षा देणारा कायदा आपल्याकडे नाही. २००५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मुभा दिली. असा कायदा लिहिताच येत नाही असं नाही. एचआयव्हीबाधितांसाठीच्या २०१७ च्या कायद्यात आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यात घर भाड्याने घेण्यात भेदभाव करायचा नाही असं शब्दशः लिहिलं आहे. तेच वाक्य सगळ्यांसाठी लिहायला संसदेला कोणी अडवलेलं नाही.

तोवर तिने वाड्या सोडून सोसायटीतले फ्लॅट बघावेत. मालक बहुतेक मुंबईला असतो, त्याला भाडं वेळेवर आलं की पुरे. अडवते ती कमिटी. "आमची एनओसी (ना हरकत पत्र) लागेल" असं सेक्रेटरी म्हणाला तर मालकाला सांगायचं, की सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. सोसायटी फार तर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारा आकार, घेईल आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. २००१ पासून हा नियम आहे. ही दोन वाक्यं शांतपणे बोलणारा मालक भेटला तर निम्मं काम होतं.

आणि तुम्हा दोघींनाही, घर मिळाल्यावर 'अकराच महिने आहेत, नोंदणी कशाला' या बोलण्याला भुलू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच लागतो, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नाही केली आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. साडेचार हजार भाडं आणि पंधरा हजार डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांचे सव्वाशे-दीडशे रुपये, वर नोंदणी फी. ऑनलाइन होतं. मालक कुरकुरला तर त्याला त्याचा फायदा दाखवा. नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की कलम २४ मुळे त्याला घर परत मिळवणं सोपं जातं. त्यानंतरही कोणी अडून बसलं तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वकिलालासुद्धा.

काकींकडे जाऊन आलीस की कळव. बँकेचं स्टेटमेंट मात्र त्याआधीच घे, आणि क्लार्कने लिहिलेल्या कागदाची एक प्रत परभणीला आईकडे पाठवून ठेव.